'ए' बॅच आणि 'बी' बॅच

मॅगझिनच्या मराठी विभागात मी लिहिते आहे म्हटल्यावर आमच्या विंगमध्ये सगळ्यांना हसू आलं. कॉन्व्हेंटची पोरगी, एकोणऐंशी म्हटलं की मनातल्या मनात 'सेव्हंटी नाईन' करून बघणारी, ती काय मराठीत लिहिणार! खरं आहे. ह्या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ माझ्या रूम पार्टनरने तपासलेत. लेख तिच्याबद्दलच आहे, आणि थोडा माझ्याबद्दल. विषय मात्र इंग्रजीचा, तोही फर्स्ट इयरच्या इंग्रजीच्या वर्गाचा. पण इंग्रजीत लिहिला असता तर तो नेमका 'ए' बॅचच्याच लोकांनी वाचला असता. म्हणून मराठीत.

आम्ही दोघी कळंबच्या, यवतमाळ जिल्ह्यातल्या. मी गावातली, ती तालुक्यातल्या एका खेड्यातली. विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, ऊन उतरायची वाट बघत जूनचा शेवट येतो. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी आई मला चिंतामणीच्या देवळात न्यायची. आमच्या गावचं हे गणपतीचं देऊळ जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. बाहेर अंग भाजणारी हवा आणि खाली दगडाचा ओला गारवा. शाळेचं नवीन वर्ष म्हटलं की मला अजून तो गारवाच आठवतो, आणि नव्या वह्यांचा वास. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टाय लावून यवतमाळच्या बसमध्ये. त्याच सकाळी माझी पार्टनर तिच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत. तिथे पहिल्या दिवशी पोरांना फूल देतात आणि बालभारतीची कोरी पुस्तकं फुकट मिळतात. मला हे फर्स्ट इयरला आल्यावर कळलं, तोवर मी तिला पाहिलंही नव्हतं. एकच तालुका, एकच सकाळ. असो.

आपल्याकडे कॉन्व्हेंट हा शब्द फार ढिला आहे. दोन खोल्या, भिंतीवर मिकी माऊस आणि अंगणात घसरगुंडी असली तरी लोक म्हणतात, "आमचा पोट्टा कॉन्व्हेंटले जाते." माझी शाळा मात्र खरीखुरी सिस्टर लोकांची होती. आवारात मराठी बोललं की पाच रुपये दंड. त्याचा फायदा झाला हे नाकारणार नाही. इंग्रजी बोलताना माझी जीभ अडत नाही. तोटा काय झाला तो पुढे येईलच.

तर फर्स्ट इयर. कॉलेज सुरू होऊन दुसरा आठवडा असेल. कम्युनिकेशन स्किल्सच्या पहिल्या तासाला मॅडमनी टेस्ट घेतली. तीस मार्कांचे गाळलेले शब्द भरा छापाचे प्रश्न आणि वीस मार्कांचं बोलणं. दोन मिनिटं 'इंट्रोड्यूस युवरसेल्फ'. मी उठले, धाडधाड बोलले, बसले. पार्टनर उठली आणि "मायसेल्फ..." एवढं म्हणाली. मागच्या बाकावरून हसू आलं. ते हसू ज्यांनी ज्यांनी ऐकलंय त्यांना मी जास्त सांगायची गरज नाही. तिला पुढचं सगळं पाठ होतं. वडिलांची शेती, आवडता विषय गणित, छंद वाचन. एक शब्द बाहेर आला नाही. मॅडम चांगल्या, त्यांनी "इट्स ओके, सिट डाऊन" म्हटलं. पण मार्क तर बोलण्याचेच होते.

दोन दिवसांनी नोटीस बोर्डावर यादी लागली. 'ए' बॅच बावीस जणांची, 'बी' बॅच चव्वेचाळीस जणांची. 'ए' ला सीनियर्स 'ऑनर्स' म्हणायचे, चिडवायला नाही, खरोखरच्या आदराने. मी घरी फोन केला. बाबांनी दुकानात आलेल्या दोन गिऱ्हाइकांना ऐकवलं म्हणे, "पोरगी इंग्लिशच्या ऑनर्समदे लागली." आणि इकडे रूमवर पार्टनर पलंगावर भिंतीकडे तोंड करून. बऱ्याच वेळाने म्हणाली, "बी म्हणजे बियाणंच न वं? उगवते उशिरा." आणि हसली. मीही हसले. तेव्हा मला ते नुसतं विनोदी वाटलं होतं.

आता ह्या यादीचं खरं काय होतं ते बघू. बावीस जणांतले बहुतेक सगळे इंग्लिश मीडियमचे. चव्वेचाळीस जणांतले बहुतेक मराठी मीडियमचे किंवा सेमी-इंग्लिशचे. म्हणजे मॅडमना हे टेस्ट न घेता, प्रवेश अर्जातला शाळेचा रकाना बघूनसुद्धा कळलं असतं. टेस्टने आमचं इंग्रजी मोजलं नाही, आमच्या आईबापांनी आम्हाला पहिलीत कुठे घातलं ते मोजलं.

बरं, मराठी मीडियमवाल्यांना इंग्रजी येत नाही म्हणतात, म्हणजे नक्की काय येत नाही? महाराष्ट्रात जून २००० पासून मराठी शाळांमध्ये इंग्रजी पहिलीपासून आहे. त्याआधी पाचवीपासून होतं. आपल्या कॉलेजात आज शिकणारा प्रत्येक जण त्यानंतरचा आहे. म्हणजे माझी पार्टनर बारा वर्षं इंग्रजी शिकली. अकरावी-बारावी सायन्सचं फिजिक्स-केमिस्ट्री तिने इंग्रजीतूनच वाचलं आणि सीईटीत माझ्यापेक्षा चांगले पर्सेंटाईल आणले. तिने जे केलं नाही ते एकच, बोलणं. कोणाशी बोलणार? गावात? घरी? त्यात आमची दहावी २०२१ ची, परीक्षाच रद्द झालेली. लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर आली आणि तिच्या घरी मोबाईल एक, तो बाबांसोबत वावरात. मोबाईल संध्याकाळी घरी यायचा तेव्हा तास संपलेले असायचे. तेव्हा मी आमच्या वरच्या खोलीत एसीत बसून झूमवर डिबेट करत होते.

अशा मुलीला 'बी' बॅचमध्ये काय शिकवलं? ॲम, इज, आर. आर्टिकल्स. टेन्सचा तक्ता. जे तिला पाचवीपासून तोंडपाठ आहे तेच. म्हणजे जे येत होतं ते पुन्हा आणि जे येत नव्हतं, बोलणं, ते जवळपास नाहीच. आणि 'ए' बॅचमध्ये आम्ही काय केलं? ग्रुप डिस्कशन, 'सोशल मीडिया, बून ऑर बेन'. जस्ट अ मिनिट. टेड टॉक बघणे. बॉडी लँग्वेज. म्हणजे ज्यांना आधीच बोलता येतं त्यांना आणखी बोलायला लावलं. सावकाराकडे ठेव ठेवण्यातलाच प्रकार.

आता फ्यूजची गोष्ट. ही मी दोन वर्षं कोणाला सांगितली नव्हती.

बेसिक इलेक्ट्रिकलचं प्रॅक्टिकल. जर्नलला आणि प्रॅक्टिकलला मात्र आम्ही रोल नंबरप्रमाणे एकत्र, म्हणून पार्टनर माझ्याच ग्रुपमध्ये. सर्किट जोडून झालं होतं. अमीटर सिरीजमध्ये, व्होल्टमीटर पॅरलल, सगळं बरोबर. मॅन्युअलमध्ये एक सूचना होती, तिचा अर्थ असा की डिमरस्टॅट शून्यावर असल्याशिवाय सप्लाय सुरू करू नये. इंग्रजी वाक्य 'अनलेस'ने सुरू होत होतं. ते मी मोठ्याने वाचलं. अगदी न्यूज रीडरसारखं. आणि वाचून झाल्या झाल्या स्विच ऑन केला. डिमरस्टॅट आधीच्या ग्रुपने कुठेतरी वरच सोडलेला होता. अमीटरचा काटा सटकन शेवटाला जाऊन आदळला, फ्यूज गेला आणि आमचं टेबल बंद. पार्टनर "थांब, थांब" म्हणत होती, तिचा हात डिमरस्टॅटकडे निम्म्यात पोचला होता. तिने ते वाक्य आदल्या रात्री रूमवर पेन्सिलने खुणा करत वाचलं होतं, 'अनलेस' म्हणजे 'नसेल तर' का 'असेल तर', हे दोनदा ताडून. मी वाक्य म्हटलं, तिने वाचलं होतं. दोन्हींत किती फरक आहे ते मला त्या दिवशी कळलं.

पण खरी गोष्ट त्यानंतरची आहे. सर आले. काय झालं विचारलं, इंग्रजीत. मी लगेच तोंड उघडलं. डिमरस्टॅट आधीच्या ग्रुपने वर ठेवला होता, आम्ही कनेक्शन तपासलं होतं, वगैरे वगैरे. एक वाक्य खोटं नव्हतं आणि एका वाक्यातही 'मी स्विच ऑन केला' हे नव्हतं. पॅसिव्ह व्हॉइस! 'द सप्लाय वॉज स्विच्ड ऑन.' कर्ता गायब. सरांनी मान हलवली आणि पार्टनरकडे बघितलं, "आणि तुम्ही? तुमचं लक्ष कुठे होतं?" ती काही बोलली नाही. तिला सांगायचं होतं ते सगळं तिला माहीत होतं, इंग्रजीत जुळवत होती, आणि जुळेपर्यंत सर म्हणाले, "जरा लक्ष देत जा." आणि पुढच्या टेबलावर गेले.

मी गप्प बसले. मराठीतसुद्धा एक शब्द बोलले नाही.

मला वाटतं त्या यादीने हेच केलं. मला शिकवलं की मी बोलले की लोक ऐकतात, तिला शिकवलं की आधी जुळवून घ्यावं आणि मग बोलावं. आणि सरांनाही शिकवलं. कारण कोण कुठल्या बॅचचं हे इंग्रजीच्या मॅडमपुरतं राहत नाही. दुसऱ्या महिन्यात सगळ्या स्टाफला माहीत असतं, मेसच्या काकांनासुद्धा. इंजिनीअरिंगला जे इंग्रजी लागतं ते मॅन्युअलमधलं 'अनलेस' कळायचं, रीडिंग असं लिहायचं की दुसऱ्याला तो प्रयोग पुन्हा करता यावा, आणि न कळलेलं न लाजता विचारायचं. 'इंट्रोड्यूस युवरसेल्फ'मध्ये ह्यातलं काहीच दिसत नाही. त्यात दिसतो तो ॲक्सेंट. आणि रिपोर्ट तर हल्ली चॅटजीपीटी लिहून देतं, 'ए' बॅचचे आमच्यापेक्षा छान लिहितं. व्हायवाला मात्र ते सोबत येत नाही.

मॅडमची बाजू मला माहीत आहे. मी त्यांना विचारलंही होतं. सहासष्ट पोरं, एक मॅडम. एकत्र बसवलं तर आमच्यासारखे वीस जण बोलत राहतात आणि बाकीचे वर्षभर तोंड उघडत नाहीत. थर्ड इयरला प्लेसमेंट येते, तिथे व्हर्बल ॲबिलिटीचा पेपर असतो आणि इंटरव्ह्यूला कोणी कुठल्या शाळेचा हे विचारत नाही. सगळं खरं. आणि मला न पटणारी पण खोडताही न आलेली एक गोष्ट खुद्द पार्टनरने सांगितली. मी एकदा तावातावाने बॅचेस बंद करायला पाहिजेत म्हणत होते तर म्हणाली, "तुमच्यासंग बसली असती तर मी एकबी शब्द बोलली नसती. बी बॅचमदे कोणी हासत तरी नाही." ह्यावर काय बोलणार?

मग काही जण म्हणतात, इंजिनीअरिंगच मराठीत करा. ह्याला हसायचं कारण नाही. १८२३ मध्ये मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस ह्यांच्या हाताखाली इंजिनीअरिंगची एक संस्था चालत होती, तिथे देशी भाषांतून शिकवायचे आणि त्यासाठी गणिताची पुस्तकं मराठीत भाषांतर करून घेतली होती. पुढे १८४० च्या दशकात मुंबईच्या बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये शिक्षण इंग्रजीतून की मातृभाषेतून असा मोठा वाद झाला. त्यात अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूने आणि हे जर्व्हिस साहेब, म्हणजे एक इंग्रज इंजिनीअर, मातृभाषेच्या बाजूने. जगन्नाथ शंकरशेठ जर्व्हिसच्या बाजूला होते. जिंकलं काय ते आपण रोज बघतोच. अलीकडे २०२१ मध्ये एआयसीटीईने मराठीसह आठ भारतीय भाषांत इंजिनीअरिंग शिकवायला परवानगी दिली आणि पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजात कॉम्प्युटरची मराठी बॅच मंजूरही झाली. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपल्या कॉलेजात पेढे वाटले होते, आठवतं ना? पेढे खाऊन आम्ही 'ए' आणि 'बी' मध्ये जाऊन बसलो.

माझं मत विचाराल तर मराठीतून शिकायची सोय ज्याला हवी त्याला मिळालीच पाहिजे. पण पार्टनरला ती नको आहे. "मले इंग्रजीच शिकाचं आहे," ती म्हणते. "डेटाशीट काय मराठीत येते?" तिच्या उशाशी अजून तर्खडकरांची भाषांतर पाठमाला असते, आजोबांच्या वेळची, कव्हर गेलेली. कॉन्व्हेंटवाल्यांनी हे पुस्तक नावानेही ऐकलेलं नसतं. मी तिच्याकडून घेऊन एकदा उलट बाजूने वापरून पाहिलं, इंग्रजी वाक्य झाकून मराठी बरोबर येतं का ते. पहिल्या पानावर तीन चुका. शाळेचा पाच रुपयांचा दंड मी आता भरते आहे.

तेव्हा मला सुचतं ते असं. पहिल्याच आठवड्यात टेस्ट घेऊन यादी लावू नका. निदान पहिलं सेमिस्टर सगळ्यांना एकत्र बसवा, पण नुसतं एकत्र नाही, जोडीने. एक माझ्यासारखी, एक तिच्यासारखी. जोडीला मॅन्युअलचं एक पान द्या. माझ्यासारखीने ते लिहून दाखवायचं, तिच्यासारखीने बोलून दाखवायचं, म्हणजे ज्याला जे येत नाही ते त्याने. हसेल त्याचे मार्क कापा, हे गमतीत म्हणत नाहीये. आणि मग डिसेंबरात टेस्ट घ्या हवी तर, बॅचेसही करा, पण दर सेमिस्टरला नवीन यादी लावा. आमच्या वेळी ती एकदाच लागली. वर्षभरात 'बी' मधून 'ए' मध्ये गेलेला एकही जण मला आठवत नाही, आणि 'ए' मधून 'बी' मध्ये तर नाहीच नाही, मी तो फ्यूज उडवूनसुद्धा. जोडीने बसवल्यावर पार्टनरसारख्या मुली गप्पच राहतील का? काही राहतील. पण माझ्यासारख्यांना तरी कळेल की शेजारची गप्प आहे ती रिकामी नाही.

सेकंड इयरला एकदा कॉरिडॉरमध्ये त्या सरांना गाठून मी सांगितलं की सर, तो स्विच मी ऑन केला होता. सरांना फ्यूजही आठवेना. "असे दर वर्षी दहा उडतात," म्हणाले आणि हसले. पार्टनरला सांगितलं तर ती म्हणाली, "माह्यासमोर काहून नाही सांगितलं?" हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

घरी जायचं तर आता वर्ध्याहून कळंबला रेल्वे झाली आहे, २८ फेब्रुवारी २०२४ ला तिचं उद्घाटन झालं, आमच्या फर्स्ट इयरमध्येच. पण आम्ही दोघी सवयीने एसटीच पकडतो. मागच्या महिन्यात येताना बसमध्ये तिने हा लेख वाचला. चार ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, 'पॅरलल'वर खूण करून विचारलं की ह्याला मराठीत समांतर म्हणतात ते माहीत आहे ना. मग म्हणाली, लेख ठीक आहे, पण मॅडमला जाऊन सांगावं लागेल, त्या मराठी विभाग वाचतात का कोणाला माहीत.

फर्स्ट इयरची नवीन यादी लागायच्या आधी आम्ही दोघी मॅडमना भेटणार आहोत. बोलायचं तिने, असं ठरलं आहे. इंग्रजीत की मराठीत ते ती केबिनच्या दारात ठरवणार म्हणते. मी सोबत उभी राहणार आणि तिचं बोलून होईपर्यंत तोंड उघडणार नाही, असं तिने माझ्याकडून कबूल करून घेतलंय.

– एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष (इलेक्ट्रॉनिक्स)